हॅरी वॉरेनच्या चालींबद्दल, तुमच्या प्रतिक्रियेच्या निमित्तानं

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. हॉलिवूडचा संगीतकार हॅरी वॉरेन याच्यावरच्या माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत. तो स्टुडिओचा पगारी माणूस, मागणी आली की चाली पाडायचा. आणि त्याच काळातला अमेरिकन संगीतकार गर्श्विन याच्यासारखी त्याची चाल चटकन ओळखू येत नाही. मला दोन्ही पटत नाहीत.

'गोल्ड डिगर्स ऑफ १९३५' या सिनेमातला 'ललबाय ऑफ ब्रॉडवे' (ब्रॉडवेची अंगाई) या गाण्याचा एवढाच भाग बघा. काळ्या पडद्यावर गायिका विनी शॉचा चेहरा ठिपक्याएवढा दिसतो आणि ती गात असताना मोठा होत होत पडदाभर येतो. गाणं आधी शहराच्या धावपळीचा ठेका धरून ठसक्यात चालतं. मग 'गुड नाइट, बेबी' म्हणताना चाल एकदम मंदावते, लांब सुरांवर रेंगाळते आणि खरीखुरी अंगाई होते. दूधवाला फेरीवर निघतो तेव्हा गाण्यातली मुलगी झोपायला घरी येते; तिचं अख्खं आयुष्य त्या एका वळणात आलंय. नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीचा सगळा भव्य नाच त्याच चालीच्या आधारावर उभा आहे. गाणं हवं, एवढं स्टुडिओ सांगू शकतो. हे वळण वॉरेनला सुचावं लागलं.

आता चाल ओळखू न येण्याचा आक्षेप. ऑस्कर त्याला तीनदा मिळालं: 'ललबाय'साठी, १९४३ च्या 'यू'ल नेव्हर नो'साठी आणि 'द हार्वी गर्ल्स' या सिनेमातल्या आगगाडीच्या गाण्यासाठी. तिन्ही वेळा गीतकार वेगळे: अ‍ॅल डुबिन, मॅक गॉर्डन, जॉनी मर्सर. स्टुडिओही वेगळे: वॉर्नर, फॉक्स, एमजीएम. कायम राहिला तो फक्त वॉरेन, म्हणून यश गीतकाराच्या किंवा स्टुडिओच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय सिनेमाच्या गाण्यात आधी पात्र ऐकू यावं, संगीतकार नंतर. त्याच्याच 'चॅटनूगा चू चू' या गाण्यात आगगाडी धडधडते, 'दॅट्स अमोरे'त गायक डीन मार्टिन इटालियन खुशीत डोलतो. दोन्हींवर एकच शिक्का दिसला असता तर मी त्याला दोष दिला असता.

'अ‍ॅट लास्ट' हे गाणं तुम्ही गायिका एटा जेम्सचं म्हणून उल्लेखलंय. ते वॉरेनचंच, १९४२ च्या 'ऑर्केस्ट्रा वाइव्ज' या सिनेमातलं. तिनं ते गायलं १९६० मध्ये. ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाची जुनी ध्वनिमुद्रिका आधी ऐका, मग तिची, आणि चालीबद्दल काय वाटलं ते जरूर कळवा.