बंगालच्या दुष्काळाची चित्रं आणि तो फॉरवर्ड
बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चित्रं कोणी टाकली की एक मेसेज फिरतो. दुष्काळ वादळामुळे पडला, चित्रं हा कम्युनिस्टांचा प्रचार, फोटो असताना चित्रांचं काय कौतुक, आणि जुन्या जखमा कशाला उकरता. परवा परत आला म्हणून लिहितेय.

वादळ आलं होतं, ऑक्टोबर १९४२, बंगालचा मेदिनीपूर जिल्हा उद्ध्वस्त झाला, कोणी नाकारत नाहीये. पण त्याच्या आधीच जपानी येतील म्हणून सरकारनं किनाऱ्याकडच्या होड्या जप्त केल्या, फोडल्या, तांदूळ उचलला, रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, युद्धाच्या खर्चानं भाव कुठच्या कुठे गेले आणि शेतमजुराकडे, कोळ्याकडे विकत घ्यायला पैसाच उरला नाही. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आकड्यांनिशी दाखवलं की १९४३ मध्ये बंगालात धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि ४१ मध्ये दुष्काळ नव्हता! सरकारी चौकशीनंच १५ लाख मृत्यू मानले, नंतरचे अंदाज ३० लाखांपर्यंत आणि त्याहून वरही जातात.

आता प्रचार. चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षाचा चित्रकार होता, मुंबईहून निघणाऱ्या पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या पत्रात त्याची चित्रं यायची, ते कधी लपवलंच नव्हतं. पण पक्ष तेव्हा युद्धात सरकारच्या बाजूनं होता हे मेसेजवाल्यांना माहीत आहे का? तरीही मेदिनीपूर फिरून त्यानं केलेल्या 'हंग्री बेंगॉल' पुस्तिकेच्या ५००० प्रती सरकारनं जप्त करून जाळल्या. आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर चित्रकार झैनुल आबेदिन साध्या पॅकिंगच्या कागदावर शाईनं तेच उपाशी सांगाडे काढत होता, तोही प्रचार का?

फोटो हवेतच. ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या इंग्रजी वर्तमानपत्रानं फोटो छापले, त्याला हिंमत लागली, सुनील जाना कॅमेरा घेऊन गावोगाव फिरला. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या फोटोत बहुतेक वेळा नाव नसतं, चित्तप्रसादनं मात्र माणसांशी बोलून काही चित्रांसोबत नाव, गाव, काय घडलं ते लिहून ठेवलंय, आणि सरकारनं दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नसताना हे लिहिणं फार मोठं काम होतं.

राहिल्या जखमा. चित्रकार सोमनाथ होर यांनी तो दुष्काळ पाहिला, काढला आणि जवळपास ३० वर्षांनी पांढऱ्या कागदाच्या लगद्यात नुसते चिरे-भेगा उमटवून अख्खी मालिका केली, नावच 'जखमा'. ज्यानं पाहिलं त्याची जखम बुजली नव्हती, मग आपण कोण उकरू नका सांगणारे?

'हंग्री बेंगॉल'ची एक प्रत चित्तप्रसादच्या घरच्यांनी जपली, २०११ मध्ये तिची हुबेहूब आवृत्ती निघाली. फॉरवर्ड करायच्या आधी ती बघा.