पॅरामीटराइज्ड टेस्ट कुणाला कळू नयेत म्हणून

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. हे ठरवणाऱ्या फंक्शनच्या पॅरामीटराइज्ड टेस्ट, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक ओळीच्या इनपुटवर तीच टेस्ट पुन्हा चालवणाऱ्या, पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट-साधनात लिहायच्यात ना? मग आधी टेस्टचं नाव ‘टेस्ट_पातळी_2’ ठेवा. नावावरूनच सगळं कळलं तर तुम्हाला विचारायला कोण येणार?

इशारा, धोका, ऋण आकडा, रिकामी स्ट्रिंग, सगळं एकाच टेबलात कोंबा. जोडीला ‘एरर_येणार’ असा बूलियन (हो/नाही) कॉलम आणि टेस्टच्या पोटात इफ-एल्स. चुकीच्या इनपुटची वेगळी टेस्ट काढली तर दोन्ही सरळ वाचता येतील, तो मोह आवरा. इफची अट चुकली की असर्टपर्यंत, म्हणजे उत्तर तपासणाऱ्या ओळीपर्यंत, कुणी पोचत नाही आणि टेस्ट हिरवीगार. नाद खुळा!

अपेक्षित उत्तर हातानं लिहू नका, टेस्टमध्येच पुन्हा हिशोब करा. मूळ कोडमध्ये >= च्या जागी > पडलं असेल, तर तेच इथं उतरवा. दोघांचं एकमत झालं की वाद मिटला.

आकडे 10, 20, 40, 50 असे गोल घ्या. 38 फूट 11 इंच, 39 फूट, 42 फूट 11 इंच, 43 फूट या चार ओळींकडे फिरकू नका, चूक नेमकी तिथंच सापडते. इंच लिहावेच लागले तर दशांशात लिहा. 42 फूट 11 इंच म्हणजे खरे 42.92च्या आसपास, पण 42.11 दिसायला सुटसुटीत. शिवाय 39 फूट 1 इंच आणि 39 फूट 10 इंच दोन्ही 39.1च होतात. एका दगडात दोन केसेस, भावा.

ओळींना आयडी, म्हणजे लॉगमध्ये दिसणारं नाव, देऊ नका. आकड्यांऐवजी ऑब्जेक्ट पाठवा, मग लॉगमध्ये ‘पातळी7 फेल’ एवढंच येतं. बघणारा शून्यापासून ओळी मोजत बसतो. मध्येच कुणी एक ओळ घुसडली की कालचा 7 आज 8. एवढ्यानं भागलं नाही तर 5, 4 आणि 6 किमतींचे तीन डेकोरेटर (टेस्टच्या डोक्यावर लिहायच्या इनपुटच्या याद्या) एकावर एक चढवा, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लागते. 120 टेस्ट तयार, त्यातल्या कामाच्या कुठल्या ते विचारायचं नाही.

आणि कुणी हट्टानं ‘धोक्याच्या एक इंच खाली’ असा मराठी आयडी दिलाच, तरी घाबरू नका. पायटेस्ट तो मुळात एस्केप करून बॅकस्लॅश, यू आणि आकड्यांची माळ छापतो. ते बंद करायची सेटिंग आहे, पण समुदायाकडून मदत मिळण्याच्या सगळ्या हक्कांवर पाणी सोडल्याचं तिच्या नावातच लिहिलंय, आणि ते अख्खं नाव इनी (सेटिंगच्या) फाईलमध्ये टाइप करावं लागतं.