वही एकच, प्रती सतरा

कागदाच्या वहीचा मोठा दोष म्हणजे ती एकाच ठिकाणी असते. आणि तिथेच सापडते. असल्या मागासलेपणात किती दिवस काढणार? तेव्हा स्वतःची विकी काढाच, म्हणजे ब्राउझरमध्येच लिहायची-खोडायची, एकमेकांना जोडलेल्या पानांची वही. ‘विकी’ हा हवाईयन शब्द, अर्थ ‘लवकर’. होनोलुलूच्या विमानतळावर या नावाची बस धावायची, तिच्यावरून वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९५ मध्ये आपल्या पहिल्यावहिल्या विकी-साइटचं बारसं केलं. तुम्हाला मात्र कसलीच घाई नाही. तुमचे शनिवार-रविवार मोकळेच पडलेत.

सुरुवात टिडलीविकीने करा. जेरेमी रस्टनने २००४ साली काढलेली ही चीज खरोखरच गोड आहे. पानं, शोध, सजावट, प्रोग्राम, सगळं एकाच एचटीएमएल (म्हणजे वेबपानाच्या) फाइलीत. सर्व्हर नको, खातं नको. तिच्यातल्या एका नोंदीला टिडलर म्हणतात, इंग्रजीत बारकी मासळी. आपण मांदेली म्हणू. फाइल उघडा, मांदेली सोडा, सेव्ह दाबा.

इथून मजा सुरू होते. ब्राउझरमधल्या पानाला तुमच्या डिस्कवर परस्पर लिहायची मुभा नसते, आणि नसावीच. नाहीतर कुठलीही साइट घरात शिरून कपाट आवरून जाईल. पूर्वी फायरफॉक्स ब्राउझरला टिडलीफॉक्स नावाचं ॲडऑन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लावलं की काम भागायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ वी आवृत्ती आली, जुन्या धर्तीची ॲडऑन बंद झाली, त्यात तेही गेलं. आता नुसतं सेव्ह दाबलं की जुनी फाइल तशीच राहते आणि डाउनलोडमध्ये नवी येऊन पडते. वही (१), वही (२), वही (३). यावर चांगले उपाय आहेत, ते करू नका. वही (१७) पर्यंत जाऊ द्या आणि एखाद्या रविवारी चुकून वही (९) उघडून तिच्यात तासभर लिहीत बसा. मी बसलोय.

दुसरं मशीन आलं की सिंकचं, म्हणजे सगळ्या मशीनवर त्याच फाइली आपोआप पोचवणारं, फोल्डर हवंच. ऑफिसच्या लॅपटॉपवर विकी उघडी टाकून घरी या आणि घरच्या मशीनवर मनसोक्त लिहा. सकाळी ऑफिसात तीच कालची खिडकी उघडी असेल. तिच्या पोटात कालचाच मजकूर. एक स्वल्पविराम बदला आणि त्याच फाइलीवर सेव्ह करा. सिंकच्या लेखी यात भांडण काहीच नाही: नवी फाइल आली, सगळीकडे पाठवली. तुमची अख्खी संध्याकाळ चारही मशीनवरून अर्ध्या मिनिटात पुसली जाते. हाताने पुसायची म्हटली असती तर तासभर गेला असता. सिंक आहे म्हणजे बॅकअप आहे, ही श्रद्धा मात्र ढळू देऊ नका.

घड्याळाकडेही बघू नका. माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपलाय. मेन स्विच बंद करून चालू केला की तो २०११ सालात जागा होतो. नेट लागायच्या आत लिहिलेलं सगळं २०११ चं. ‘नवं ते खरं’ मानणारं सिंक त्याला अडगळीत टाकतं. नवा सेल दोन-तीन चहांच्या पैशांत येतो. आणायचाय, अशी नोंद विकीत आहे. त्याच डेस्कटॉपवर केलेली.

एवढ्याने भागलं नाही तर गिट घ्या, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवणारा आणि प्रती जुळवणारा प्रोग्राम. लायनस टोरवाल्ड्सने ते २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, लिहिलं, कारण तिथे जगभरची माणसं एकाच कोडवर काम करतात. तुम्ही एकटेच आहात, पण तुमचं तरी स्वतःशी कुठे पटतं? आमटीच्या पानावर रविवारचा मी म्हणतो ‘गूळ घालावा’, मंगळवारचा मी म्हणतो ‘गूळ अजिबात नको’, आणि गिट दोघांच्या मधोमध बरोबरीच्या चिन्हांची रेघ ओढून विचारतं, कोण खरा? आमच्या घरात हे बायकोनेही कधी इतकं स्पष्ट विचारलेलं नाही.

आणि मराठीत लिहा, म्हणजे वर आणखी एक मजला चढेल. ‘भाकऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो (‘तऱ्हा’ लिहितानाही हाच घोळ): एकतर खाली टिंबवाला ऱ आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द. फोनच्या कीबोर्डने एक टाकला, लॅपटॉपच्या कीबोर्डने दुसरा, की ‘भाकऱ्या’ नावाची दोन पानं शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकींना ओळख दाखवत नाहीत. मॅकची जुनी फाइलव्यवस्था तर फाइलीच्या नावातला ऱ फोडून र वेगळा आणि टिंब वेगळं असं साठवायची. शोधात ‘भाकऱ्या’ टाका, उत्तर येतं: काही सापडलं नाही. लष्कराच्या असोत की घरच्या.

विकीत नेमकं लिहायचं काय, हा प्रश्न गौण आहे. माझ्या विकीतलं सर्वांत लांब पान ‘विकी सिंक कशी करावी’ हे आहे. त्याखालोखाल ‘सिंक बिघडल्यास’.

परवा गिझर बंद पडला. मेकॅनिकने विचारलं, ‘गॅरंटी आहे का साहेब?’ आता कुठे आपली वेळ आली! फोनवर पाहिलं, मार्चपर्यंत. लॅपटॉपवर, मागच्या मार्चपर्यंत. डेस्कटॉपवर ते पानच नव्हतं, पण दोन बदल भिडले की सिंक बाजूला ठेवतं त्या ‘विरोधी प्रत’ नावाच्या फाइलीत होतं, जूनच्या तारखेसह. तोवर मेकॅनिकने वाकून गिझरखालचा स्टिकर वाचला होता. तारीख चौथीच निघाली. मी ती लगेच नोंदवून ठेवली. कुठल्या मशीनवर, तेवढं आठवलं की सांगतो.