परतफेड नको, हे काही पटलं नाही

नाताळच्या भेटींवरचा तुमचा लेख छान आहे पण "परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली भेट हाच नाताळच्या गिफ्टचा खरा अर्थ" हे वाक्य मला काही पटलं नाही. माझं माहेर मडगावचं, आम्ही हिंदू. नाताळात शेजारच्या आंटीकडून कोन्सुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट यायचं, नेवऱ्या, दोदोल, कलकल, वर क्रोशाचा रुमाल झाकलेला, आणि ते ताट रिकामं परत द्यायचं नाही ही आईची सक्त ताकीद, घरात काहीच नसेल तर निदान साखर तरी घालायची. दिवाळीला आमच्या फराळाचं ताट त्यांच्याकडे जायचं तेव्हाही तेच. आता ही परतफेडच झाली ना? पण हिशोब कोणी मांडत नव्हतं, ज्या घरी त्या वर्षी कोणी वारलेलं असेल आणि गोडधोड केलेलं नसेल तिथे तर आठवणीने आधी जायचं.

आणि तीन राजांनी बाळ येशूला दिलेलं सोनं, ऊद, गंधरस सांगितलंत पण संत निकोलस राहूनच गेला की! मायराचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री गुपचूप पैशाच्या थैल्या घरात टाकल्या अशी आख्यायिका आहे, त्याच्यावरूनच पुढे सांताक्लॉज आला. तुमचा मुद्दा खरं तर त्याच्या गोष्टीत जास्त चपखल बसला असता. बाकी ऑफिसातल्या सीक्रेट सांताबद्दल (चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप गिफ्ट द्यायचं, तो प्रकार) जे लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन, मला दरवर्षी कॉफी मगच मिळतो.