लंगडा घोडा आणि मालिश: एक खुलासा

‘घोडा लंगडायला लागला की गरम तेलाने पाय रगडा, आठवड्यात पळेल’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, काही वेळा घातकही.

घोड्याच्या गुडघ्याखाली रगडण्यासारखे स्नायू जवळपास नसतातच. तिथे हाड, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) आणि कातडी. पुढचा पाय लंगडत असेल तर दुखणं बहुतेकदा खुरात निघतं. अचानक पाय टेकवेनासा झाला तर खुरात पू झाला असण्याची शक्यता मोठी. तो वाट करून काढावा लागतो, तेलाने निघत नाही. ताज्या सुजेवर गरम तेल तर नकोच. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गार पाणी किंवा बर्फ. खुरदाह असेल, म्हणजे खूर गरम आणि खुराच्या वरची नाडी ठणठण उडतेय, तर जबरदस्तीने चालवणं म्हणजे नुकसान वाढवणं.

मग मालिश निरुपयोगी का? अजिबात नाही. दुखरा पाय वाचवताना घोडा भार दुसरीकडे टाकतो, त्यामुळे पाठ, खांदे, पुठ्ठे आखडतात. तिथे जाणत्या हाताची मालिश खरंच आराम देते. घोडा मान खाली सोडतो, ओठ सैल पडतात. पण हे निदानानंतर, पशुवैद्याला विचारून. फाटलेली कंडरा भरायला 9 ते 12 महिने लागू शकतात. त्या काळात खरं काम हातात दोर धरून सरळ, सपाट जमिनीवर चालवण्याचं. मिनिटं हळूहळू वाढवायची, मध्ये सोनोग्राफी करून बघायचं. कंटाळवाणं आहे, म्हणूनच आठवड्याचा उपाय लोकांना आवडतो.