डब्याचे 300 रुपये वाढले त्याबद्दल

नमस्कार दादा, तुमचा 1 स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. वरण पातळ होतं हे खरंय, त्या आठवड्यात तसंच झालं होतं, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण "गुपचूप 300 रुपये वाढवले आणि वर पोळ्या लहान केल्या" हे फार लागलं. 2700 चे 3000 होणार हा मेसेज 20 नोव्हेंबरलाच ग्रुपवर टाकला होता, दारावर कागद पण लावलाय, तुम्ही स्वतः त्या मेसेजवर अंगठ्याचा इमोजी टाकलाय. आणि पोळीचं म्हणाल तर पोळपाट तोच आहे, किलोभर पिठाच्या 34 पोळ्या आधीही व्हायच्या आणि आजही होतात. फक्त घडीत तेल जरा हात राखून लावते, त्यामुळे डब्यात पोळी कोरडी पडून आकसते, तुम्हाला लहान वाटली असेल ती त्यामुळेच.

हात का राखला तेही सांगते. 2024 च्या 14 सप्टेंबरला सरकारने बाहेरच्या देशातून येणाऱ्या खायच्या तेलावरची ड्युटी वाढवली, कच्च्या खाद्यतेलावर शून्य होती ती थेट 20 टक्के केली, आणि तेलाच्या 15 किलोच्या डब्यामागे मला तीनेकशे रुपये जास्त जायला लागले. लसूण तेव्हा 400 रुपये किलोवर गेला होता. मेसचा 19 किलोचा गॅस सिलेंडर 2024 च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दर 1 तारखेला वाढला, सलग पाच महिने. घरचा सिलेंडर स्वस्त पडतो पण तो मेसला चालत नाही आणि मी तसलं करतही नाही.

गुपचूप काय असतं ते दुकानात बघा दादा. तेलाची लिटरची पिशवी 910 ग्रॅमची असते, आता तिच्याच शेजारी तशीच दिसणारी 850 ग्रॅमची ठेवलेली असते. माझ्या स्वतःच्या घरी महिन्याला पाच पिशव्या पुरायच्या, हल्ली 28 तारखेलाच संपतात, मला वाटायचं माझाच हात सैल झालाय, मग मुलीने पिशवीवरचे ग्रॅम वाचले तेव्हा कळलं. बिस्किटाचा पुडा दहालाच मिळतो पण आतली बिस्किटं कमी झालीत. मला कोणी मेसेज टाकून सांगितलं नाही हो.

बोलून दाखवायचं नव्हतं, पण मागच्या महिन्यात तुमचे पैसे 5 च्या ऐवजी 14 तारखेला आले, मी एक शब्द काढला नाही. ताप होता तेव्हा मऊ भात वेगळा करून पाठवला त्याचे पैसे पण लावले नाहीत, काकू म्हणता म्हणून केलं. 11 वर्षं याच डब्यांवर घर चाललंय माझं, नवीन मुलं आधी इथले स्टार बघतात आणि मग फोन करतात.

वरण सोमवारपासून घट्ट मिळेल, पोळीच्या तेलाचं पण बघते काहीतरी. 3000 जड जात असतील तर एक वेळचा डबा 1600 ला आहे, तो घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त तो गुपचूप शब्द तेवढा काढून टाका.