मालक झालात? आता वेळेचं नियोजन शिका

नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलंत ना, आधी अभिनंदन. आता कुणाची चाकरी नाही. पूर्वी एकच साहेब होता आणि तोही सहाला घरी जायचा. आता गिऱ्हाईक कंपनीचा परचेसवाला, क्वालिटीवाला, सीए, बँकेचा माणूस, टेम्पोवाला आणि रात्रपाळीचा ऑपरेटर असे सहा आहेत, त्यातला एकही घरी जात नाही, गेला तरी तिथून फोन करतो. तर अशा मोकळ्या झालेल्या माणसाने आपला वेळ कसा सांभाळावा, याबद्दल भोसरीत अठरा वर्षं दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं) चालवणाऱ्याचे चार शब्द ऐका.

पहिली गोष्ट प्रायॉरिटी. मॅनेजमेंटवाले आयझेनहॉवरच्या नावाचा चार खणांचा तक्ता काढायला सांगतात, अर्जंट इकडे, महत्त्वाचं तिकडे. मी काढला होता, जॉब कार्डच्या पाठीमागे. संध्याकाळपर्यंत सगळी कामं एकाच खणात जाऊन बसली आणि उरलेल्या तीन खणांत ऑपरेटरने इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकांचा, हिशोब लिहिला. तुम्ही सोपं करा, जो जास्त ओरडतो त्याचं आधी. परचेसवाला "साहेब लाईन थांबलीये" म्हणाला की हातातलं टाकून पळायचं. (त्यांची असेंब्ली लाईन काही थांबलेली नसते. धावतपळत पोचवलेला माल पुढे आठ दिवस त्यांच्या स्टोअरमध्ये तसाच पडून असतो, मी स्वतः बघितलाय, आमच्याच दोरीने बांधलेला.) या पद्धतीचा फायदा असा की जे ओरडत नाहीत ते आपोआप मागे जातात. म्हणजे मशीनचं ऑइल बदलणं, स्वतःची शुगर तपासणं, पोरीच्या शाळेची पालकसभा वगैरे. पोर चौथीतून पाचवीत गेली हे मला फीच्या पावतीवरून कळलं, पण कळलं की नाही?

आणखी एक टोमॅटोची पद्धत आहे. एका इटालियन माणसाने टोमॅटोच्या आकाराचं किचनमधलं घड्याळ लावून अभ्यास केला म्हणे, 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं आराम. मी पण लावून बघितलं, तिसऱ्या मिनिटाला कूलंट संपलं, सातव्याला टेम्पोवाला म्हणाला माल नेण्याच्या ई-वे बिलात गाडी नंबर चुकलाय, अकराव्याला एका ओळखीच्यांचा फोन, त्यांच्या भाच्याचं आयटीआय झालंय, चिकटवून घ्या. 25 मिनिटं झाली तेव्हा घड्याळ वाजलं असणार, पण सीएनसी चालू होती, ऐकू आलं नाही.

कॅलेंडर मात्र वापराच, बाजारात विकत मिळतं ते नको, खरं कॅलेंडर वेगळं. 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-वन, 20 ला थ्रीबी (दोन्ही जीएसटीची रिटर्न), मध्ये पगार आणि ईएमआय. थ्रीबीला उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, व्याज वेगळं. लग्नाचा वाढदिवस विसरला तर दिवसाला किती हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून तो यादीत खाली. बघा, सरकारने आपल्यासाठी प्राधान्यक्रम आधीच ठरवून ठेवलाय.

आता वसुली. ह्याच्यातच तुमचा खरा वेळ जाणार, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट लिहिलंय की छोट्या पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे, नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. वाचून फार बरं वाटतं. उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं, सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या शेजारी लावा, दोघांनाही रोज हात जोडा. पण व्याज मागायचं नाही हां, पुढच्या महिन्याची ऑर्डर हवी ना? त्यापेक्षा दर सोमवारी अकाउंट्सला फोन करायचा. सोमवारी साहेब रजेवर असतात, मंगळवारी सिस्टीम बंद असते, बुधवारी बिलावर पीओ (परचेस ऑर्डर) नंबर दिसत नाही आणि गुरुवारी आपल्याकडे लाईट नसते.

गुरुवारचं सांगायचं राहिलं. 1948 साली फॅक्टरी अॅक्ट आला तेव्हा कामगाराचे आठवड्याला 48 तास ठरले आणि एक दिवस सुट्टी ठरली, मालकाला काय द्यायचं हे कुणाला सुचलंच नाही. आमचा विचार केला तो फक्त वीज मंडळाने, गुरुवारी देखभालीसाठी लाईट घालवून. पण तुम्ही ह्या जाळ्यात अडकू नका. अंधारात का होईना शटर अर्धं वर करून बसा, ड्रॉइंग बघा, भंगार वजन करा. घरी जाल तर दुपारी साडेबाराला बायको आधी विचारेल बरं वाटत नाहीये का, मग म्हणेल दळण आणा. खंडेनवमीला मशीनला झेंडू वाहून तिला विश्रांती देतो आपण, वर्षातून एकदा, तेव्हा हारवाल्याला पैसे देताना माझ्या मनात आलं होतं की... जाऊ दे, तेवढ्यात फोन आला.

घरचे सुरुवातीला चिडतात, मग गप्प होतात. गप्प झाले की बॅलन्स जमला असं समजायचं. आमच्याकडे जमलाच होता, पण मागच्या महिन्यात 19 तारखेला ऐन थ्रीबीच्या गडबडीत बायकोचा फोन आला. नेहमीसारखं म्हटलं मीटिंगमध्ये आहे, करतो नंतर. दोन मिनिटांत परत फोन, आवाज एकदम कोरडा. "साहेब, लाईन थांबलीये. आज माल पोचला नाही तर व्हेंडर बदलायला लागेल."

सव्वासातला घरी होतो. दारातच उभी होती, म्हणाली, डिलिव्हरी चलन आणलंय का?